ज्ञान्यासाठी मुरंबा

इझमीर, शुक्रवार सकाळ

प्रिय मेर्कादो,

तुझ्या पुस्तकाचं हस्तलिखित मिळालं. तुझे मेहुणे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात आणि मी चुका शोधते. सालोनिकात एवढा मोठा रब्बी, धर्मगुरू झालास, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच! आई बरी आहे. नजर अधू झालीये, जीभ मात्र शाबूत. काल शेजारणीला सांगत होती, "माझा मुलगा शहाणपणाचं पुस्तक लिहितोय. स्वतःचे मोजे सापडतात का त्याला आता, देव जाणे!"

गेल्या शनिवारी, शब्बाथच्या दुपारी मी तिला पानं वाचून दाखवली. 'एक ज्ञानी म्हणतो, क्रुद्ध पुरुषास प्रथम अन्नाने शांत करावे.' अगं बाई! मला हसू आवरेना. बाबा सभास्थानाच्या पंचांशी भांडून तणतणत घरी आले होते, आठवतं? आईने कांद्याच्या पातीचे वडे पुढे सरकवले आणि म्हणाली, "आधी खाऊन घ्या, मग भांडा. उपाशीपोटी तुम्ही स्वतःचंही ऐकत नाही." तू तेव्हा टेबलाखाली बसून वडेच चोरत होतास.

पुढच्या पानावर तोच ज्ञानी, त्याच्या पुढच्याही पानावर तोच. दुखवट्याच्या घरी गप्प कसं बसावं, सुनेची चूक कधी दिसू नये, सगळं आईचं. ती मात्र कान देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हा गृहस्थ शहाणा दिसतो गं. अगदी माझ्यासारखं बोलतो."

मेर्कादो, मी रागावले आहे. ज्याचं वचन त्याचं नाव घेऊनच सांगायचं, ही आपली रीत तूच विद्यार्थ्यांना शिकवतोस. ज्या गुरूचं अर्धं वाक्य घेतलंस, त्याचं नाव बापाच्या नावासकट छापतोयस. आईच्या वाट्याला तेवढा 'एक ज्ञानी'! बाईची अक्कल छापली म्हणून मंडळी हसतील, हीच भीती ना? अरे, आपल्या जुन्या ग्रंथात एका राजाने सरळ सांगून टाकलंय, 'हे मला माझ्या आईने शिकवलं.' दर शुक्रवारी तुम्ही पुरुष गृहिणीची जी स्तुती गाता, ती त्या शिकवणीला लागूनच येते. त्या आईचं नाव मात्र राजाच्याही हातून राहून गेलं. तुझ्या हातून राहायला नको.

यांनी छपाई थांबवली आहे. कुरकुरतात, पण थांबलेत. आईच्या नावाचे, 'एस्त्रेया, याकोवची मुलगी' एवढे खिळे जुळवून बाजूला ठेवलेत. तुझा होकार आला की प्रत्येक ज्ञान्याच्या जागी बसवतील.

आता सोबतच्या बरणीबद्दल. संत्र्याच्या सालींचा मुरंबा आहे, आईने चाचपडत स्वतः केलेला. तुझ्यासाठी नाही हं, त्या ज्ञान्यासाठी! तो तुझ्या शेजारीपाजारी राहतो असं तिला वाटतं. "एकटा असेल बिचारा. इतकं शिकवणाऱ्याजवळ कोण टिकणार?" असं म्हणाली, आणि वल्हांडणाच्या सणाला त्याला घेऊन यायचा निरोप दिलाय. मी तिला काही सांगितलेलं नाही. ते तुझं काम. तोवर पुस्तक तयार असेल. ये, तिच्या शेजारी बसून तिचं नाव मोठ्याने वाच. आणि बरणी न उघडता परत आण, तिच्याच हातात दे.

तुझीच ताई,
लुना