दहा किलो म्हणवणाऱ्या दोन प्लेटा

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द सवयीने लिहिला गेला. प्रत्यक्षात माणसाची आठही अंगं एका वेळी टेकतील एवढी मोकळी फरशी आमच्या घरात सध्या नाही. तूर्त पाच अंगांचा नमस्कार घे, उरलेल्या तीन अंगांचा जागा झाली की पाठवीन.) तुझे गुडघे, भाऊजींची झोप आणि तुमच्या तळमजल्याची ती सुप्रसिद्ध मोकळी हवा, सगळं ठीक असेलच. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

माझ्यावर काय अन्याय चाललाय ते आधी ऐक. गेले कित्येक दिवस मला माझ्याच कपाटातून माझ्या पसंतीचा शर्ट काढता आलेला नाही. कपाटासमोर व्यायामाचं लोखंडी स्टँड उभं आहे. कपाटाचं दार त्याला अडून वीतभर उघडतं. त्या फटीतून हात घालायचा आणि बोटांना लागेल ते ओढायचं. बोटांना दर वेळी एकच शर्ट लागतो, तू वाढदिवसाला पाठवलेला तो पिवळा, मोठ्या चौकड्यांचा. जन्मात घालायला लागू नये म्हणून मीच तो अगदी कडेला सारून ठेवला होता. परवा ऑफिसात साहेबांनी मला आत बोलावून, दार लोटून घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना असं हळू आवाजात विचारलं. एवढी वर्षं नोकरी केली, पण साहेब माझ्याशी हळू आवाजात कधी बोलले नव्हते.

याला जबाबदार तू. हो, तूच. बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा मी तुला फोन केला तो धीर मिळावा म्हणून. तू काय म्हणालीस? "तुला स्वतःची डब्याची पिशवी उचलवत नाही, बाबांना काय उचलणार तू? पुढच्या पहिल्या तारखेला येते आणि घेऊन जाते त्यांना." बाबांना लागलं नव्हतं, नुसतं उठता येत नव्हतं. मी काखेत हात घातले, हिने पाय धरले, आणि आम्ही दोघांनी मिळून बाबांना दाराच्या दिशेने चार बोटं सरकवलं. शेवटी ही खालच्या मजल्यावर धावली आणि बेकरीवाल्याला घेऊन आली. (तू त्याला पाहिलंयस. मागे आलीस तेव्हा जिन्यात त्याने तुझी बॅग घेतली होती आणि तू "किती सज्जन माणूस" असं पुढचे तीन दिवस म्हणत होतीस.) तो चड्डी-बनियनवर आला, खाली वाकला, आणि मैद्याचं पोतं उचलावं तसं बाबांना उचलून त्याने पलंगावर ठेवलं. वर मला म्हणाला, "काका, काही उचलायचं असलं की नुसती हाक मारा." काका! माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल. तेव्हापासून जिन्यात दिसला की हेच. मी हातात वर्तमानपत्र घेऊन चढत असलो तरी त्याची नजर त्या वर्तमानपत्राकडे जाते, ताई, की हे तरी याला पेलतंय का.

तरी हेही मी गिळलं असतं. पण तुझा फोन झाल्यावर मी बाबांना सांगितलं की ताई न्यायला येतेय. आयुष्यभर वजनमापं निरीक्षक म्हणून ज्यांनी भर बाजारात मोठमोठ्या दुकानदारांचे तराजू जप्त केले, ते बाबा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही ठेवाल तिथे राहीन." एवढंच. न भांडता. मी त्यांना उभ्या जन्मात कोणाचं असं ऐकून घेताना पाहिलेलं नाही. त्याच संध्याकाळी मी व्यायामाचं सामान घ्यायला बाहेर पडलो. बाबांना उचलता येईल एवढी ताकद कमवायची आणि तू आलीस की तुझ्यासमोर त्यांना उचलून दाखवायचं, एवढाच माझा साधा बेत होता.

दुकान आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. दुकानदार म्हणजे टी-शर्टात कोंबलेला डोंगर. मी म्हटलं, चांगल्या प्रतीचं, घरात ठेवण्याजोगं सामान दाखवा. त्याने विचारलं, "साधा बार देऊ की ऑलिम्पिक?" मी म्हटलं, बाबा रे, मला वडिलांना बाथरूममधून पलंगापर्यंत आणायचंय, ऑलिम्पिकला न्यायचं नाहीये. (दोन्हींतला फरक नुसता दांड्याच्या जाडीचा असतो हे मला नंतर कळलं. आणि एकाच्या प्लेटा दुसऱ्याच्या दांड्यावर बसत नाहीत हे तर फारच नंतर, घरी आल्यावर.) मग त्याने मला घाटदार मुठीचा लोखंडी गोळा दाखवला, तो किटलीसारखा दिसतो पण त्यातून चहा येत नाही. मग रबरी वेष्टणाच्या प्लेटा, ज्यांना जळक्या टायरचा वास येतो. तो म्हणाला वास जातो. मी विचारलं कधी. तो म्हणाला, "सवय झाली की."

शेवटी प्लास्टिकच्या कवचाच्या लालभडक प्लेटा, एक बार, एक बाक आणि ते स्टँड असं ठरलं. सामान आलं ते नेमकं मी ऑफिसात असताना. हमालांनी खोकी फाटकाशी टाकली आणि जिना चढायचं आमचं काम नाही म्हणून निघून गेले. भट्टीवरून घरी येणाऱ्या बेकरीवाल्याने ती पाहिली आणि कोणी हाक मारलेली नसताना सगळं एकट्याने तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. शेवटच्या खेपेला, स्टँड दारात टेकवता टेकवता, त्याच्या कमरेत उसण भरली. डॉक्टरांनी त्याला पाठीवर झोपवून ठेवलंय, वजन म्हणून काही उचलायचं नाही. म्हणजे माझ्या व्यायामाच्या सामानाने पहिल्याच दिवशी एका माणसाची कंबर मोडली, आणि तो माणूस मी नव्हतो. ही दोनदा भेटून आली. मी गेलो नाही. जाऊन सांगणार काय?

आता मुख्य तक्रार. मी प्लेट बारवर सरकवतोय तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "थांब. ती इकडे आण." बाबा बऱ्याच दिवसांनी आपण होऊन बोलले होते, म्हणून मी कौतुकाने प्लेट त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी काठीने तिच्यावर दोन टोले दिले, कान लावला, आणि म्हणाले, "आत सिमेंट आहे." होतंच. कडेची चीर त्यांनी नखाने उकरली तर करडी भुकटी माझ्या पायावर पडली. "लोखंडाच्या नावाने सिमेंट विकतो? परत कर." मी म्हटलं, बाबा, मला वजनाशी मतलब, आत काय का असेना. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पाहून पूर्वी दुकानदार गल्ल्यावरून उठायचे. मी प्लेटा पिशव्यांत भरल्या. पहिली पिशवी पहिल्याच मजल्यावर फाटली.

त्यांच्या बदली अस्सल बिडाच्या प्लेटा आणल्या, काळ्या कुळकुळीत. बाबांनी आधी घरातला वजनकाटा मागवला, ज्याच्यावर ही दर रविवारी उभी राहते आणि त्याच्यावर रागावते. बाबांनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि बाजूला सारला. "हा काटा नाही, हा अंदाज आहे." (हे ऐकून या घरात एकच व्यक्ती सुखावली.) मग त्यांनी हुकूम सोडला. स्टँडच्या वरच्या आडव्या दांड्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधून घेतली, तिला बार मधोमध टांगून घेतला, बार स्थिर होईपर्यंत मला श्वाससुद्धा जोरात घेऊ दिला नाही, आणि दोन्ही टोकांना एकेक प्लेट अडकवायला लावली. दोन्हींवर ठसठशीत अक्षरांत दहा किलो कोरलेलं. डावी बाजू सावकाश, ऐटीत खाली गेली. "दोघी स्वतःला दहा म्हणवतात," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की माझी पदवी हातात पडली तेव्हाही तो दिसला नव्हता. "निदान एक तरी खोटी आहे. परत कर."

तर ताई, घरात व्यायामशाळा काढायला गेलो आणि वखार उभी राहिली. जोवर दांडी समतोल राहत नाही तोवर एकाही वजनाला व्यायामासाठी हात लावायचा नाही असा बाबांचा निकाल. मी संध्याकाळी ऑफिसातून यायचं, प्लेटा खाली उतरवायच्या, रस्त्याच्या टोकापर्यंत वाहायच्या, त्या डोंगराशी भांडायचं, दुसऱ्या प्लेटा तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या, आणि बाबांनी त्या नापास करायच्या. हाच रोजचा क्रम. डोंगर पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "सर, यावर लाइफटाइम गॅरंटी आहे." मी ते घरी सांगितलं तर बाबांनी विचारलं, "कोणाच्या लाइफटाइमची? माझ्या म्हणत असेल तर फार नाही." हल्ली मला लांबून येताना पाहिलं की तो मागच्या खोलीत जातो आणि पोरीला पाठवून सांगतो की पप्पा घरी नाहीत. बाकाची तपासणी वेगळीच. बाबांनी त्याच्या चारी पायांखाली कागदाची घडी सरकवून पाहिली, एका पायाखाली ती सहज गेली, बाक नापास. आणि एवढ्या सगळ्या काळात मी व्यायाम किती केला? शून्य. एक शून्य सोडून काही नाही. मला वाटलं होतं तू येईस्तोवर दंडांना काही आकार येईल. आकार आला तो पिशवीच्या बंदांचा, तळहातांवर.

परवा मात्र एक प्रकार झाला. मी दुकानातून नव्या जोडीसह परत आलो, घाम निथळतोय, दारात प्लेटा टेकवल्या. बाबा स्टँडशी उभे होते, दोरीची गाठ तपासत. थोडे वाकलेले, एक डोळा मिटून दांडी आडवी आहे का ते पाहत. ही स्वयंपाकघरातून आली आणि मला हळूच म्हणाली, "तुम्ही उठवलंत त्यांना?"

मी म्हटलं, "मी आत्ता येतोय. मला वाटलं तू."

"मी भाजी चिरत होते."

आम्ही दोघांनी खुर्चीकडे पाहिलं. काठी खुर्चीला टेकलेली होती. हाक मारायला त्यांना दिलेली घंटी खिडकीत होती, आणि ती शेवटची कधी वाजली ते आम्हा दोघांनाही आठवेना. बाबा पडल्यावर डॉक्टरांनी पाठवलेली ती व्यायाम शिकवणारी हसरी बाई येऊन "आजोबा, खुर्चीतून फक्त दहा वेळा उठा-बसा करा" म्हणून विनवायची, तेव्हा बाबांनी तिला "मी काय केलं म्हणून उठाबशा?" असं विचारून घालवून दिलं होतं. आणि इथे दांडी डोळ्याच्या रेषेत आणायला ते दिवसभर उठत होते, वाकत होते, परत बसत होते. आमच्या देखत. आम्ही मात्र दांडीकडे बघत होतो.

"काय बघताय दोघं?" बाबा ओरडले. "लावा ती जोडी."

लावली. दांडी जराशी डुलली आणि थांबली. आडवी. बाबा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले, मग खडूने दोन्ही प्लेटांवर बरोबरची खूण केली आणि जरा उदास होऊन खुर्चीत बसले. मला म्हणाले, "आता कर तुझा व्यायाम." मी बार उचलला. उचलला गेला, ताई. मी परत खाली ठेवला. मला उगीच फसवल्यासारखं वाटलं.

भाऊजींना नमस्कार. तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही, तो पत्राबरोबर पाठवतोय.

तुझा, अन्यायग्रस्त,
धाकटा

ता. क. तू पहिल्या तारखेला जरूर ये. येताना रिकाम्या हाती येऊ नकोस. बाबांच्या निवृत्तीच्या वेळी कचेरीने दिलेलं ते पाच किलोचं पितळी वजन घेऊन ये, जे तू तुझ्या गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलं आहेस. (होय, बाबांना ते माहीत आहे. तुला बोलले नाहीत, एवढंच.) दोन प्लेटा एकमेकींइतक्या आहेत हे सिद्ध झालं, पण दोघीही दहाच्या आहेत का हे अजून सिद्ध व्हायचंय, आणि ते बाबा इथेच राहून सिद्ध करणार आहेत. त्यांची बॅग माळ्यावर आहे. त्यांनीच मला ती परत वर टाकायला लावली. हे पत्र मुळात एवढ्याचसाठी लिहिलं.

ता. क. दुसरा. शर्ट पाठवू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात खाली गॅसवाला बेकरीवाल्याचा भरलेला सिलिंडर फाटकाशी टाकून गेला. बेकरीवालीण जिन्यात उभी राहून कोणाला सांगावं याचा विचार करत होती. ती आत फोन शोधायला गेली तेवढ्यात मी खाली गेलो आणि सिलिंडर त्यांच्या दारापर्यंत चढवला. वर पाहिलं तर बाबा आमच्या दारात उभे, कठड्याला धरून. म्हणाले, "तोलून घेतलास का?" मी नाही म्हटलं. "मग आण वर."

वर आणला, बारच्या एका टोकाला टांगला, दुसऱ्या टोकाला आमचा सीलबंद सिलिंडर लावून तोलला. बरोबर भरला. परत खाली नेऊन त्यांच्या दाराशी ठेवला. बेल वाजवली नाही.