दुसरा नादकाटा

उट्रेख्त, ३ मार्च १९७४

ति. बाव्होदादास,
सा. न. वि. वि. तुझी मोहरी पोचली. सोबतचं चीज तू खाल्लंस की पोस्टमनने?

बातमी मोठी आहे. गुड फ्रायडेच्या विलापगीताची सुरुवात मला मिळाली! वरच्या सज्जातून मी एकटी, साथीला काहीही नाही. शेवटच्या स्वरावर ऑर्गन आत येतो, तोच सूर धरून. पंधरा वर्षं मागच्या रांगेत काढली रे. हे साधलं तर पुढच्या मोसमात मुख्य गायिका मी. फसलं, तर चाळिशीच्या बाईला पुन्हा कोण विचारतंय?

एकच वैताग आहे. आमचं सगळं गाणं जुन्या पट्टीत, आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली. त्यासाठी साथीच्या हार्प्सिकॉर्डचा कीबोर्ड एक घर सरकवावा लागतो, आणि आमचा वादक लाम्बर्ट तो सरकवायला रोज विसरतो, मग सगळं चढं वाजतं. शिवाय सरकवलाय म्हणून शपथा घेतो, आणि बाकीचे माझ्याकडेच बघतात. बाबांचा नादकाटा पाठव, तो वाजवून खरा सूर दाखवला म्हणजे त्याचं तोंड बंद होईल. भलती शंका मात्र घेऊ नकोस. आईचे कान तापात गेले, मला साधी सर्दीही नाही.

लोभ आहेच, पुढच्या वेळी चीजही असू दे.
तुझी आलेइड

गेंट, ११ मार्च

चि. आलेइडला दादाचे आशीर्वाद.
चीज मीच खाल्लं. तुझी बातमी ऐकून कोलेटाआत्याने सगळ्या शेजारणींना वॉफल खाऊ घातले.

नादकाटा सोबत आहे. तीन ऑर्गनवर ताडून पाहिलाय, जुन्या पट्टीत तंतोतंत आहे. तो सांगेल ते मुकाट मान. लाम्बर्टशी भांडू नकोस. आणि एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये. सहज सांगतोय. पण इस्टरच्या आत जा.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, आत्याला नको. लोभ आहे तसाच राहू दे.
बाव्हो

उट्रेख्त, ८ एप्रिल

ति. दादास,
सा. न. आज निम्माच. ऑर्गन जुळवण्यात जन्म गेला आणि घरातला काटा ओळखता येत नाही? तुझा नादकाटाही चढाच निघाला! सगळ्यांसमोर वाजवला, तर तो लाम्बर्टच्या बाजूने बोलला. कोणी हसलं नाही, हेच जास्त लागलं.

म्हणून काल गेंटला येऊन गेले. तू कामाला ब्रुजला गेलेला. आईच्या शिवणाच्या डब्यात दुसरा काटा सापडला. आत्या म्हणाली की तो बाबांनी खास आईला दिला होता. वाजवला आणि मला रडूच आलं. महिन्याभरात पहिल्यांदा स्वर जागेवर ऐकला, दादा. शुक्रवारी यावरूनच सूर धरणार, कोणाला दाखवणार नाही. डॉक्टरची आता गरज उरली नाही.

राग मानू नकोस, लोभ मात्र दुप्पट कर.
आलेइड

गेंट, ११ एप्रिल

आलेइड,
ब्रुजहून आत्ता आलो, तुझं पत्र पाहिलं. फोन केला तर तुझ्या घरमालकीणबाई म्हणाल्या की गाण्याआधी तीन दिवस तू कोणाशी बोलत नाहीस. निरोपसुद्धा घेईनात. म्हणून हे पत्र हातानेच आणतोय. गाण्याआधी वाच.

तो काटा वापरू नकोस. आईला ताप आलाच नव्हता. तू पाच वर्षांची होतीस, तुला तसं सांगितलं. तिला आधी सगळं अर्धा स्वर चढं ऐकू यायला लागलं. ती रोज ऑर्गनवाल्याशी भांडायची. बाबांना बघवेना. त्यांनी एका काट्याच्या बेचक्यात कानस मारून तो अर्धा स्वर उतरवला, म्हणजे तिला जागेवर ऐकू येईल, आणि तिच्या हातात दिला. ती इतकी खूश झाली की खरं सांगायचा धीर कोणाला झाला नाही. तोच घेऊन ती इस्टरला गायला उभी राहिली. ऑर्गन आत आला तो तिच्यापेक्षा अर्धा स्वर वर, तेव्हा लोक वळून बघायला लागले, आणि ती गातच राहिली. पुन्हा कधी गायली नाही. दोन वर्षांत कानच गेले.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. मी भित्रा निघालो. मी पाठवलेला काटा घे, चढा वाटला तरी त्यावरूनच सूर धर. मग आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ.
तुझा दादा

ता. क. – शुक्रवार. अँटवर्पला गाडी हुकली. चर्चच्या मागच्या दारात उभा आहे, वर सोडत नाहीत. तू गायला लागली आहेस. इतकं सुंदर मी तुला कधी ऐकलं नाही. पट्टी आईची आहे. ऑर्गन अजून आत आलेला नाही.