सातवी ब आणि माझे तीनशे शब्द

सोमवार, ३ नोव्हेंबर
अखेर कुणाला तरी माझी किंमत कळली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ऑफिसात बोलावलं. इंग्रजीच्या बाई जिन्यावरून पडल्यात. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे घरी. धडे नि व्याकरण इतर शिक्षक वाटून घेणार, पण सातवी ब चा शब्दसंग्रहाचा तास रोज मी घ्यायचा. मी! एकोणीस वर्षं या शाळेत पी.टी. शिकवतोय, तरी माझं इंग्रजी त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. पाइपलाइनसाठी मैदान खणून ठेवलंय, तेव्हा तुम्ही तसेही रिकामेच आहात, असंही त्या म्हणाल्या. पण ते आपलं बोलण्याच्या ओघात.

संकल्प: रोज दहा शब्द. तीस तास, तीनशे शब्द. सहा आठवड्यांत चमक दाखवायची आणि कायमचा इंग्रजीचा शिक्षक व्हायचं. गुडघा हल्ली फार कुरकुर करतो. वर्गात पंखा आहे, खुर्ची आहे, सावली आहे.

माझी लेक सातवी ब मध्येच आहे. जेवताना तिला ही आनंदाची बातमी दिली. तिचा घास हातातच राहिला. आनंदाने होतं असं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर, पहाटे ५
गजर लावून उठलो. तासाच्या आधी दहा शब्द तोंडपाठ करणार.

सकाळी ७.३०
गजर बंद करताना डोळा लागला. तीन शब्द झाले. त्यातला एक आधीपासून येत होता.

संध्याकाळी
पहिला तास झकास. शब्द अंगात मुरला पाहिजे, हे माझं तत्त्व. 'अप' म्हटलं की हात वर. 'डाउन' म्हटलं की उकिडवे. 'ट्रान्सपोर्ट'ला उजवीकडे दोन पावलं. अडतीस मुलं एका सुरात गर्जत होती. शेजारच्या वर्गातून गणिताचे सर बघायला आले. त्यांना पद्धत आवडली असावी, जाताना आमचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने घट्ट लावून घेतलं.

लेकीने दोन अटी घातल्या. वर्गात तिला 'बाळ' म्हणायचं नाही, आणि शक्यतो काहीच म्हणायचं नाही. ती दुसऱ्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर गेलीय. तिथून फळा अख्खा दिसतो म्हणे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
लायब्ररीतून मोठी डिक्शनरी आणली. वजन साधारण तीन किलो. अक्षरं मुंगीएवढी, त्यातही बाळ मुंगी. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, डॉक्टरांचं अक्षर वाचते, त्यामुळे तिला सगळंच सोपं वाटतं. म्हणाली, अहो, चष्मा करा. मी म्हटलं, डोळे उत्तम आहेत, हल्ली छापतातच बारीक.

सुदैवाने स्टाफरूमच्या कपाटात चार पानांचं एक जुनं पत्रक सापडलं. अक्षर टपोरं. त्यात म्हटलंय की इंग्रजी शब्दांना मुळं असतात. एक मूळ धरलं की त्याला लगडलेले दहा शब्द हाती येतात. म्हणजे डिक्शनरीची गरजच नाही. डिक्शनरी परत केली. खांदा मोकळा झाला.

सोमवार, १० नोव्हेंबर
मुळांची पद्धत सुरू. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. बाहेर नेलं तर एक्स्पोर्ट, आत आणलं तर इम्पोर्ट, हातात मावलं तर पोर्टेबल. मुलांचे डोळे चमकले. मी इतकी वर्षं मैदानावर उगाच घशाला कोरड पाडली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
पत्रक संपलं. त्यात सहाच मुळं होती. पण आता मला पद्धत कळलीय, पुढची मुळं मी स्वतःच काढणार. उदाहरणार्थ 'प्री' म्हणजे आधी. तेव्हा 'प्रेशर' म्हणजे आधीच शुअर असणे. अभ्यास करून आधीच शुअर झालं की प्रेशर येतं, असं मी समजावलं. एका मुलाने विचारलं, सर, येतं की जातं? मी म्हटलं, ते अभ्यासावर अवलंबून. मागच्या बाकांवर हशा पिकला. हसत खेळत शिक्षण ते हेच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आज 'अन' हे मूळ. 'अन' म्हणजे नाही. 'लेस' म्हणजे कमी. तर 'अनलेस' म्हणजे जे कमी नाही ते, अर्थात जास्त. वाक्यात उपयोग: मला भाजी अनलेस वाढा. मग 'युनिफॉर्म', स्पेलिंगमध्ये तेच यू-एन, म्हणजे ज्याला फॉर्म नाही असा. सातवी ब चे शर्ट बघितले की पटतं.

एक गोष्ट लक्षात आलीय. मुलं हल्ली भराभर लिहून घेतात. मी तोंड उघडलं की अडतीस पेनं तयार. इंग्रजीच्या बाईंच्या तासाला हीच मुलं खिडकीबाहेर बघायची, हे मी मैदानावरून पाहिलेलं आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
स्टाफरूममध्ये थोडं ज्ञान वाटलं. 'इन' म्हणजे नाही, म्हणून 'इन्कम' म्हणजे जे येत नाही ते. सगळ्या शिक्षकांनी एकमताने मान्य केलं.

घरी 'मिस' हे मूळ सांगितलं. 'मिस' म्हणजे चुकीचं. टेक चुकला की मिस्टेक. बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, मग मिसेस म्हणजे काय हो? मी पाणी प्यायला उठलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
'लॉजी' म्हणजे अभ्यास. बायॉलॉजी, झूलॉजी. त्यावरून 'अपॉलॉजी' म्हणजे मोबाइलमधल्या अ‍ॅपचा अभ्यास. हे मला उभ्याउभ्या सुचलं. वर्ग इतका शांत झाला की पंख्याचा आवाज ऐकू आला. मग सगळे एकदम लिहायला लागले.

तासानंतर वर्गाची मॉनिटर आली. तिला सगळे कॅप्टन म्हणतात. म्हणाली, सर, तुम्ही सांगितलेले शब्द आम्ही सगळे मिळून एका वहीत उतरवतोय, चालेल ना? मी म्हटलं, चालेल काय, धावेल! आपलं बोलणं कुणी वहीत जपून ठेवावं, एवढं भाग्य मैदानावर कुठलं.

रात्री जेवताना मात्र लेक म्हणाली, "बाबा, तासाला यायच्या आधी एकदा, फक्त एकदा, डिक्शनरी उघडाल का?"

मी तिला समजावलं की ज्याला मुळं सापडलीत त्याने पानं कशाला मोजायची. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग पोळीच खाल्ली. या वयात मुलांना वडिलांचं यश जड जातं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
मोठ्या बाईंनी जाहीर केलं: अ, ब, क तिन्ही तुकड्यांची शब्दसंग्रहाची चाचणी, बुधवारी. पन्नास शब्द, पन्नास मार्क. पेपर इंग्रजीच्या बाई घरून काढणार, आम्ही सगळे शिकवतो त्याच पुस्तकातल्या यादीवरून. मी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, ब तुकडी पहिली. गणिताचे सर म्हणाले, कवायतीत का? मी मोठ्या मनाने हसलो.

मोठ्या बाईंकडे अर्जही देऊन ठेवला. मला कायमस्वरूपी इंग्रजी द्यावं, गुडघ्याचंही कारण आहे.

बुधवार, ३ डिसेंबर
चाचणी झाली. मी सुपरविजनला होतो. वेळ जाईना म्हणून सहज पेपर वाचायला घेतला. पन्नासपैकी अकरा शब्द ओळखीचे निघाले. बाकीचे मी शिकवलेलेच होते, पण पर्यायांमध्ये माझे अर्थ कुठेच दिसेनात. इंग्रजीच्या बाई पडल्या तेव्हा डोक्यालाही थोडा मार बसला असावा.

मुलं मात्र खाली मान घालून लिहीत होती. लेकीने वर बघितलंच नाही. मी एकदम घामाघूम झालो. पंखा चालू होता.

स्टाफरूममध्ये सांगितलं, पेपर फारच सोपा होता.

शुक्रवार, ५ डिसेंबर
झोप नीट लागत नाही. समजा, अख्खी तुकडी नापास झाली तर? कारणं काढून ठेवली आहेत: एक, पेपर अवघड. दोन, मुलं लहान. तीन, पाइपलाइन.

सोमवार, ८ डिसेंबर
ब तुकडी पहिली!!! सरासरी एक्केचाळीस. अ ची तेहेतीस, क ची एकतीस. माझ्या लेकीला सत्तेचाळीस. मोठ्या बाईंनी निकालाचा कागद दोनदा वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. गणिताच्या सरांनी हात मिळवला, पण हाताकडे संशयाने बघत.

माझे अर्थ बरोबर होते, हे यातून सिद्ध झालं. पर्यायात का नव्हते, हा किरकोळ प्रश्न आहे.

बायको म्हणाली, खरंच? पुन्हा म्हणाली, खरंच? या शब्दाला मूळ नसावं, ती आपला तोच म्हणत राहिली. लेक हसत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, छान झालं.

पुस्तक लिहायला हरकत नाही. 'मुळांपासून इंग्रजी'. मुखपृष्ठावर माझा फोटो, शिट्टीशिवाय.

बुधवार, १० डिसेंबर
इंग्रजीच्या बाई काठी टेकत आल्या, ठरल्यापेक्षा पाच दिवस आधीच. सातवी ब ला विचारलं म्हणे, एवढे शब्द कसे काय आले तुम्हाला? कॅप्टनने उठून त्यांच्या हातात ती वही दिली.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये शिरलो तर बाई टेबलावर डोकं टेकून बसलेल्या, खांदे हलत होते. मला वाटलं, घोटा दुखतोय. त्या हसत होत्या. त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

प्रत्येक पानावर तीन रकाने. शब्द. सरांचा अर्थ. खरा अर्थ.

एकशे सत्तावीस शब्द. 'अनलेस: जास्त', आणि पुढे, 'जोपर्यंत नाही तोपर्यंत'. 'अपॉलॉजी: अ‍ॅपचा अभ्यास', पुढे, 'माफी'. तिसऱ्या रकान्यात नुसता अर्थ नाही, वाक्य आहे, विरुद्ध शब्द आहे, शोधणाऱ्याचं नाव आहे. अक्षरं वेगवेगळी. पण पहिली चार पानं सबंध एकाच अक्षरात. ते अक्षर मी ओळखतो. बालवाडीत ते मीच गिरवून घेतलंय.

 घरी गेल्यावर लेकच येऊन बसली. म्हणाली, "पत्रक संपलं ना, त्या दिवशी सगळे तुम्हाला हसले. दोघं जण मोठ्या बाईंकडे तक्रार करायला निघाले होते. मी म्हटलं, तक्रार नको. आपण खरे अर्थ शोधून ठेवू."

मी म्हटलं, मग?

"मग काय, त्याचा खेळच झाला बाबा. तुम्ही बोलायचं आणि आम्ही पकडायचं. मधल्या सुट्टीत लायब्ररीत जागा मिळेना. बाकीच्या तुकड्यांना बरोबर अर्थ आयता मिळतो, ते लिहितात आणि विसरतात."

मी विचारलं, शेवटच्या बाकावर म्हणूनच बसायचीस? ती म्हणाली, नाही, ते लाजेनेच.

आज इथे काही कारण लिहीत नाही. सापडलं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर, दुपार
मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर माझा अर्ज, त्यावर ती वही. इंग्रजी सोमवारपासून पुन्हा बाईंकडे. मैदान बुजवून झालंय. अर्ज त्यांनी घडी घालून मला परत दिला.

मी उठलो, तर म्हणाल्या, बसा. बाईंची एक विनंती आहे. दर गुरुवारी सातवी ब चा एक तास तुम्ही घ्यायचा, पुढच्या गुरुवारपासूनच. मुलांनीही सह्या करून तेच मागितलंय. अडतीस सह्या.

माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, बाई, जीव तोडून तयारी करीन.

त्या घाईने म्हणाल्या, "नको, नको! तेवढं एक मात्र करू नका."

संध्याकाळी ७
पी.टी. वाल्याला तयारीशिवाय राहता येत नाही. चुकायचं तरी शिस्तीत चुकू. लेकीला शेजारी बसवलं आणि मुद्दाम एक पार चुकीचं मूळ तयार केलं. 'कंपॅनियन', म्हणजे सोबती. 'पॅन' म्हणजे पाव. ज्याच्यासोबत बसून आपण पाव खातो तो कंपॅनियन. मलाच हसू आवरेना. म्हटलं, घे, पकड आता.

तिने डिक्शनरी उघडली. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग डिक्शनरी माझ्याकडे वळवली. मला मुंग्या दिसल्या, म्हणून तिनेच वाचून दाखवलं. जुन्या लॅटिन भाषेत 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव.

"बाबा," ती म्हणाली, "हा गुरुवारी चालणार नाही. बरोबर आहे."