माझ्या नावाचा मेंढा

४ मार्च १९५७, भूम

सिदू येऊन गेला. चैत्रात जत्रा. यंदाही माझ्या नावानं मेंढा कापायचा — आईनं निवडून ठेवलाय. "दादा, तू ये, पर लांब उभा ऱ्हा," म्हणाला. सख्खा धाकटा भाऊ, पण बोलताना माझ्याकडं बघत नाही.

माझी बायको हरणा बाळंतपणात गेली. मागोमाग बाळ गेलं. भगतानं सांगितलं — याच्या मागं काहीतरी लागलंय, हा ज्याला जवळ घेईल ते जाईल, दरसाल रक्त द्या. उरली विमल. ती नळदुर्गजवळ वाडीवर, आईपाशी. मी इथं शाळेत मास्तर. कधी गेलो तर पोरीला कुडाच्या अलीकडून बघायचं आणि परत फिरायचं.

आई जवळ जाऊ देत नाही हे खरं. पण दिलं असतं तरी मी गेलो नसतो. मलाच भीती वाटते.

१० मार्च

रविवार. दिवसभर कुणाशी बोललो नाही. शाळा असली की निदान पोरांचा गलका असतो. त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचं मात्र टाळतो.

१७ मार्च

खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेलो. श्रीमंत नावाचा कंपाउंडर एकटाच होता. ख्रिस्ती आहे. दंडावरचा ताईत बघून विचारलं, कशाचा? काय झालं कुणास ठाऊक — सगळं सांगून टाकलं! हरणापासून मेंढ्यापर्यंत. हसला नाही. एवढंच विचारलं, मेंढा कापल्यावर भीती जाते का? म्हणालो, पुढच्या चैत्रापर्यंत.

मग त्यानं येशूचं सांगितलं. लोकांचा दोष, शाप, सगळं स्वतःवर घेऊन वधस्तंभावर गेला म्हणे.

"आमच्यात बळी एकदाच झाला, गुरुजी. आन् तो देवानं आपल्याकडून मागितला न्हाय. त्यानंच दिला."

२४ मार्च

श्रीमंतनं दिलेलं येशूचं पुस्तक वाचतोय. मी धनगराचा पोर. बापाबरोबर कापायच्या मेंढ्याचे पाय धरलेत. शेवटपर्यंत बघत असतो तो आपल्याकडं — कशासाठी, कुणासाठी, त्याला काही कळत नाही. येशूनं मात्र कळून सवरून मान पुढं केली.

माझ्यासाठी? इथंच अडलोय.

२ एप्रिल

दार लावून गुडघे टेकले. म्हणालो, माझ्यावर जे काय आहे ते तू घेतलंस म्हणतात — मी मानतो. ताईत सोडला. दंड हलका वाटला. रडलो बराच.

६ एप्रिल

श्रीमंतची कळंबला बदली. मोटारीपर्यंत पोचवून आलो. आता भूममध्ये येशूचं नाव कुणापुढं घेऊ? शाळेत कुजबुज सुरू झालीय. हेडमास्तर चहाला हाक मारत नाहीत. पूर्वीही एकटाच होतो. पण हे एकटेपण वेगळं — सांगण्यासारखं काही आहे, आणि ऐकायला कुणी नाही.

१४ एप्रिल, वाडी

जत्रा. आईला सांगितलं, माझ्या नावानं मेंढा कापू नकोस, माझ्यासाठी येशूनं सगळं देऊन टाकलंय. ती कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही.

"लेकराच्या जिवावर उठलास व्हय रे?"

भावकीनं पाठ फिरवली. जेवायला कुणी बस म्हणालं नाही. निघालो तेव्हा विमल कुडाआडून हात हलवत होती. मीही हलवला. पुढं पाऊल मात्र टाकलं नाही. सुटलो म्हणतो — आणि पाय उचलत नाही.

१८ एप्रिल, मोटारीत

विमलला ताप. शुद्ध नाही. निरोप आणणारा माणूस माझ्यापासून चार हात लांब उभा होता. वाडीवर सगळे म्हणतायत, यानं मेंढा अडवला म्हणून झालं. मीही मनात तेच म्हणतोय. येशू, माझं चुकलं का?

१९ एप्रिल, वाडी

नळदुर्गहून डॉक्टरला सोबत आणलं. त्यांनी सुई दिली, औषध दिलं. म्हणाले, वाट बघा.

ते गेल्यावर आई दारात आडवी उभी राहिली. अंगणात सिदू मेंढ्याचं दावं धरून. माझ्या एका 'हो'चीच खोटी. किती सोपं होतं! सगळे निवळले असते. मलाही आत न जाता परत फिरता आलं असतं.

"तिच्यासाठी जीव देऊन झालाय, आई. सिदू, सोड त्याला."

आईच्या हाताखालून वाकून आत गेलो. विमलच्या कपाळावर हात ठेवला. हरणा गेल्यापासून पहिल्यांदा. कपाळ तव्यासारखं तापलेलं. हात काढला नाही.

२० एप्रिल

ताप तसाच. मी तिच्याजवळच आहे. आई बोलत नाही. भाकरी उंबऱ्यावर ठेवून जाते. भीती अजून येते. मी उठून जात नाही, एवढंच.

२१ एप्रिल

सकाळी विमलला घाम फुटला. पाणी मागितलं. आई आत आली, तिच्याकडं बघत नुसती उभी राहिली. मग मला म्हणाली, "आता तुझ्या येशूला काय द्यायचं?"

"काय न्हाय, आई. त्यानंच दिलंय."

आई वाकली. विमलला गोधडीसकट उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.