दुसरी बॅटरी

६ ऑक्टोबर, सोमवार

लाज कशी वाटत न्हाई याला. मंगल तिकडं आयसीयूत नळ्या लावून पडलीय, आन हा आमच्या सिक्युरिटीचा सुपरवायझर पाटोळे गेटवर चहा पीत सगळ्यांदेखत म्हणतो, "बाईनं बॅटरी घेतलीच नाही. निष्काळजीपणा." अरे, बॅटरी व्हती कुठं? खंडेनवमीला तूच पूजेत मांडलीस की. काठी, शिट्टी, बॅटरी, पाटावर ओळीनं. तूच कुंकू लावलंस, झेंडू वाहिलास, आन तूच बजावलंस, उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई. गेटला बॅटरी एकच. मागच्या भिंतीला एक दिवा न्हाई. रातपाळीची बाई काय घेऊन जाणार राउंडला?

मोबाइलचा उजेड घेऊन गेली. दुसऱ्या हातात पंचिंगची कांडी. भिंतीवरच्या बटणांना ती लावत जायची, एक चुकलं तरी सकाळी ऑफिसचा फोन, राउंड का मारला न्हाई. पूजेच्या साफसफाईत ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण काढलेलं, परत कुणी लावलंच न्हाई. गेली आत.

पूजेवर माझा राग न्हाई. मीबी हात जोडले. पण मग त्या राती राउंड बी बंद ठेवायचा व्हता.

७ ऑक्टो.

सकाळी हॉस्पिटलात. मंगलचा नवरा भागवत बाहेर बाकड्यावर. शिफ्टवरनं तसाच आलेला, कंपनीचे बूट पायात. डबा दिला, उघडला न्हाई. मग हळूच म्हणतो, "अक्का, तिनं बॅटरी घेतलीच नव्हती काय? पाटोळेसाहेब म्हणत व्हते."

सगळं सांगितलं, पूजेचं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "तुमी तिच्या जवळच्या. तुमी तिच्या बाजूनंच बोलणार."

राग आला. पण त्याच्यावर काय काढायचा.

काचेतनं बघितली. तोंड सुजलंय. टिकली कुणी काढली काय माहीत. तिला टिकलीबिगर मी कधी बघितलंच नव्हतं.

८ ऑक्टो.

कंपनीच्या साहेबानं पाटोळेला झापलं म्हणे, गेटला धड बॅटरी आणा म्हणून. पा. माझ्याकडं. "मावशी, तुमचीच बडबड जास्त, तुमीच पसंत करा." मावशी म्हणतो, माझ्याच वयाचा घोडा. बरं, करते पसंत.

जुनी ती झूमवाली. बटण एक आन खेळ पाच. दाबलं की मोठा उजेड, परत दाबलं की बारीक, परत दाबलं की लुकलुक. घाईत हमखास लुकलुकच लागायची. मंगल म्हणायची, "अक्का, ही वरातीतली बॅटरी हाय गं, दाबली की नाचायलाच लागती." आन नाचून दाखवायची, युनिफॉर्मात, काठी बगलंत. मी म्हणायची, बया वर कॅमेरा हाय. "असू दे की, साहेबाचीबी करमणूक."

आज गेटवर कुणाचा आवाज न्हाई.

९ ऑक्टो., गुरुवार

चाकणच्या बाजारात पाय तुटेस्तोवर फिरले. एक दुकानदार, "मावशी ही घ्या, दोन किलोमीटर जाती." म्हटलं, मला दोन किलोमीटर जायचं न्हाई, पायाखालचं दिसू दे. त्यानं दुसरी काढली. ही चोराच्या डोळ्यावर मारली की चोर आंधळा. बाबा, आमच्या मागच्या भिंतीला कुत्रं फिरकत न्हाई, चोर कुठला. तिथं खड्डा हाय. खड्ड्याच्या डोळ्यावर मारू काय?

तो हसला. मी न घेताच आले.

१० ऑक्टो.

मंगल गेली. दुपारी.

मी सेकंड शिफ्टला व्हते. भागवतचा फोन आला, नुसता रडला. बदली येईपर्यंत गेट सोडता येईना. कंटेनर आत घेतला, नंबर लिहिला, सील बघितलं. ड्रायव्हर म्हणतो, मौसी तबियत ठीक है? हात आपले चालूच.

लिहवत न्हाई आता.

१३ ऑक्टो., सोमवार

दोन दिवस लिहिलं न्हाई. काय लिहायचं.

आज सुट्टी. कासारवाडीला बहिणीकडं गेले, तिथनं पिंपरीच्या बाजारात. जुनं दुकान, म्हातारा बसलेला. म्हटलं, उन्हात बॅटरी कळणार कशी? म्हणाला, मागं गोडाऊन हाय, तिथं लावून बघा.

अंधारात एकेक लावून खाली मारली. लांब मारणाऱ्यांचा गोल समोरच्या भिंतीवर, आन पायाशी काळंकुट्ट. त्या सगळ्या बाद. मग एक निघाली. बुटकी, वजनदार, अंगाला खाचा, घामाच्या हातातनं सुटायची न्हाई. बटण मागं शेपटाला, अंगठ्यानं दाबायचं. दाबलं पेटली, दाबलं विझली, मधी काही नाटक न्हाई. उजेड पसरट, पायापासनं पुढं. सेल उतरला तर दुसरा घालता येतो. मी ती फरशीवर आपटली. म्हातारा ओरडला, "अहो बाई, आधी विकत तर घ्या!" त्याच्याच बादलीत बुडवली. जळतच राहिली.

"एवढं तपासताय, पोरगा पोलिसात हाय का?" म्हणाला. मग सांगितलं त्याला. खोकं दोन्ही हातांनी दिलं.

गोडाऊनात मधीच एक पायरी व्हती, खाली उतरणारी. या बॅटरीच्या उजेडात लांबूनच दिसली. मग मोबाइल लावून तसंच चालून बघितलं. मोबाइलच्या उजेडातबी दिसली. पण पाय उचलल्यावर.

तिथंच पायरीवर बसले. म्हाताऱ्यानं हाक मारली न्हाई, बरं केलं.

१५ ऑक्टो., बुधवार

पा.ला बॅटरी दाखवली. आवडली त्याला, चार वेळा लावून बघितली. म्हटलं, अशा दोन लागतील. म्हणाला, एक मंजूर.

"दोन. एक चार्जिंगला लागली, बिघडली, पाटावर बसली, तर दुसरी हातात पायजे."

"एकच मंजूर, मावशी."

"का?"

खाली बघायला लागला. मग म्हणाला, "समजून घ्या जरा. आता दुसरी घेतली म्हंजे आधी एक कमी व्हती असं होतं. वर तसं दाखवता येत न्हाई." आन जाता जाता, "ते पूजेचं मधी आणू नका. लोक म्हणतील देवीच्या पूजेनं बाई मेली."

देवीनं न्हाई मारली. तसं मी म्हणतच न्हाई. पण देवीला झाकायचं म्हणून मंगलच्या डोक्यावर ढकलायचं? एक बॅटरी पुरेशी व्हती, बाईच विसरली. हेच ठरवलंय यांनी.

१६ ऑक्टो.

महाळुंग्यात मंगलच्या खोलीवर गेले. बाया बसलेल्या. तिची सासू मराठवाड्यातनं आलीय, सगळ्यांना सांगती, "सदा घाईच तिला. हातातलं काम टाकून पळायची. बॅटरीबी तशीच टाकून गेली." भागवत दाराशी बसून ऐकतोय. मी म्हणाले, मावशी, टाकून न्हाई गेली, पूजेतली बॅटरी उचलायला बंदीच व्हती. म्हातारी म्हणाली, "साहेब खोटं कशाला बोलतील बाई?"

भागवत चौकापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "रविवारी दहावा. तिचा भाऊ येणार, गावचे लोक येणार. विचारतील कशानं गेली. काय सांगू अक्का? विसरली म्हणून सांगू?"

माझं तो मानत न्हाई, साहेबाचं मानतो. तेवढ्यात रिक्षा आली.

१७ ऑक्टो., शुक्रवार

आज पा. म्हणाला, सोमवारपासनं मागचा राउंड तुमच्याकडं, मावशी. नवी बॅटरी तुमीच पसंत केली, तुमीच वापरा. हसला वर.

शिफ्ट सुटायची वेळ, पोरं-बाया सगळी गेटवर. तिथंच धरला. आजवर तुमी-आमी करत आले, आज अरे-तुरे गेलं तोंडातनं. गेलं तर गेलं.

म्हटलं, पाटोळे, नीट ऐक. अशीच दुसरी बॅटरी गेटवर आण. आन महाळुंग्यात जा, भागवतच्या दारात उभा राहा, त्याच्या आईदेखत सांग, गेटला बॅटरी एकच व्हती आन ती मी पाटावर ठेवली व्हती. बास. मंगल विसरली न्हाई एवढं तुझ्या तोंडानं सांग.

"आन न्हाई गेलो तर?"

तर मागचा राउंड कुणी मारणार न्हाई. मी न्हाई, या बाया न्हाई. इचार त्यांना.

विचारलं न्हाई त्यानं. बायाच पुढं सरकल्या जरा. पा. घड्याळ बघायला लागला. "बघतो," म्हणाला.

म्हटलं, बघतो न्हाई चालणार. रविवारी सकाळी दहावा हाय, लोक विचारणार हायत. जाणार का न्हाई, उद्या शनिवारी संध्याकाळच्या आत मला सांग.