लोखंडी खाट, जिन्याखालची खोली आणि जावईबापूंचा पुरस्कार

प्रति,
मा. विभाग अधिकारी साहेब,
समाजकल्याण विभाग, पहिला मजला
(ज्या दालनात पंखा फिरतो पण वारा येत नाही, ते)

विषय: आमच्या गल्लीतील जिन्याखालची खोली सामाजिक उद्योगास न देणेबाबत, तसेच सदर उद्योगाच्या मालकास, म्हणजे अर्जदाराच्या जावयास, पुरस्कार न देणेबाबत.

संदर्भ: खोलीच्या दारावर आपण चिकटवलेली नोटीस, "हरकत असल्यास कळवावे" अशी. हरकत आहे.

महोदय,

१. अर्जदाराच्या धाकट्या लेकीचे यजमान सासूसमोर खुर्चीत बसून पाय हलवतात, ही तक्रार आपल्या कार्यालयाच्या कामाची नाही, हे अर्जदारास कळते. परंतु पाय हलवता हलवता ते "समाज, समाज" करतात आणि त्याबद्दल आपण त्यांच्या गळ्यात हार घालणार आहात, म्हणून लिहिणे भाग पडले. टाइप करणाऱ्याने बजावले आहे की अर्जात "मी" लिहीत नाहीत, "अर्जदार" लिहितात. बरे. बाई तीच आहे, चौथीपर्यंत शिकलेली आणि कुणाच्या बापाला न भिणारी.

२. जावईबापूंची मोठ्या कंपनीतली नोकरी गेली आणि पंधरवड्यात त्यांना समाज सापडला. त्याआधी समाज जिन्यात भेटला तर ते फोन कानाला लावत. आता ते सामाजिक उद्योजक आहेत. अर्जदाराचे या धंद्याशी वाकडे नाही. पलीकडच्या चौकात एक बाई धुलाईचे दुकान चालवते. कामाला सगळ्या मुक्याबहिऱ्या मुली, ज्यांना कुणी दारात उभे करत नव्हते. त्या मुली आज घर चालवतात, दुकानही नफ्यात आहे, आणि चादरी अशा निघतात की डाग शोधायला चष्मा लागावा. जिथे काही नव्हते तिथे तिने काही केले. पुरस्कार तिला द्यावा. ती मागायला येणार नाही, तिला वेळ नसतो.

३. आता खोलीची हकीकत. खोली ठेंगणी आहे, आत शिरताना बुटक्या माणसालाही मान लववावी लागते. तीत गल्लीची आजारपणाची चीजवस्तू असते: डोक्याकडून वर होणारी लोखंडी खाट, चाकाची खुर्ची, कुबड्या, बसल्या जागी वापरायचे भांडे. वस्तू कुणा एकाच्या नाहीत. एखाद्या घरचे माणूस बरे झाले किंवा गेले, आणि वस्तू मागे राहिली. किल्ली अर्जदाराच्या कमरेला. एका घरची खाट दुसऱ्या घरी हमाल नेत नाही. ज्या घरी ती शेवटची होती, त्या घरची बाई ती घासूनपुसून, चौघांचे हात लावून, स्वतः पोचवते आणि पोचवल्यावर आधी स्वतः तिच्यावर आडवी होते. मग नव्या घरच्या बाईने तिला कुशीवर वळवायचे, अंगाखालची चादर बदलायची, उठवून बसवायचे. हात चुकला की आडवी झालेली बोंब मारते, चार शिव्याही देते. दुखणेकऱ्याला बोंब मारता येत नाही, म्हणून मारता येणारीवर आधी शिकायचे. हे अर्जदाराच्या सासूपासून चालत आले आहे. आमच्या शिंपीणकाकू शिकत होत्या तेव्हा अर्जदार आडवी झाली होती. काकूंनी खांदा असा खेचला की कित्येक दिवस अर्जदाराला वेणी घालता येईना. पण काकूंच्या यजमानांच्या पाठीवर शेवटपर्यंत साधा लाल ठिपका उठला नाही.

४. जावईबापूंनी हे पाहिले आणि म्हणाले, यात शिस्त नाही. लेकीने गळ घातली म्हणून अर्जदाराने किल्ली दिली. ती किल्ली परत आली, पण आता कशालाच लागत नाही, कारण दाराला मोबाइलवरून उघडणारे कुलूप बसले. खाटेच्या डोक्याशी "आधार तुमच्या दारी" अशी चिकटपट्टी आली. ज्याला खाट हवी त्याने महिन्याची वर्गणी भरून फोनवर मागणी नोंदवायची, टेम्पो येणार. शिंपीणकाकू पदर खोचून खाटेबरोबर निघाल्या, तर टेम्पोवाला म्हणाला, आजी, तुमचं काम संपलं, आता आराम करा. काकू घरात जाऊन बसल्या. ज्या बाईने दोन वर्षे नवऱ्याचे सगळे अंथरुणात केले, तिला हे टेम्पोवाल्याने सांगावे.

५. खाट गेली बाइंडरच्या घरी. बाइंडर म्हणजे पुस्तके शिवणारा, गल्लीच्या तोंडाशी राहतो. त्याची डावी बाजू गेली आहे. घरात तो आणि त्याची बायको, तिसरे कुणी नाही. खाट वेळेवर आली, हे अर्जदार नाकारत नाही. खाटेबरोबर एक चित्रफीतही आली. तीत एक गोरीगोमटी मुलगी एका धडधाकट माणसाला हसत हसत वळवते. बाइंडरच्या बायकोने ती फीत पाठ केली आणि नवऱ्याला हात लावला नाही. त्याला दुखेल ही भीती. विचारायचे कुणाला? तिला वाटले, आता आपण वर्गणीदार झालो, आता शेजारणींना कसे बोलवायचे, त्यांना वाटेल फुकट मागते. आणि शेजारणींना वाटले, तिच्याकडे व्यवस्था आहे. जावईबापूंच्या कामाला तिने फोनवर पाच चांदण्या दिल्या, कारण दिल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. अर्जदार सहज डोकावली तेव्हा बाइंडरच्या माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती. बाई दारामागे तोंड लपवून उभी. एवढेच म्हणाली, "मी नीट बघितलं होतं हो सगळं."

६. अर्जदार तडक जावयाकडे गेली. जावईबापूंनी शांतपणे ऐकून घेतले. पाय हलतच होते. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, ही तर फार मोठी उणीव आहे, यावर उपाय काढला पाहिजे. आठवड्यात उपाय निघाला. त्याचे नाव "सोबत". तासावर बाई मिळणार, ती घरी येऊन दुखणेकऱ्याला कसे वळवायचे ते शिकवणार. म्हणजे साहेब, दारची विहीर बुजवायची, बुजवलेल्या जागेवर टाकी बांधायची आणि वर पाटी लावायची की इथे पाण्याचे फार हाल होते, आम्ही सोडवले.
वर कडी म्हणजे "सोबत"मधली पहिली नेमणूक अर्जदारास देऊ केली. हुद्दा "समुदाय प्रेरक". एक गणवेशाचा टीशर्टही दिला, तो अर्जदाराच्या एका दंडात अडकला. लेक म्हणाली, आई, मोठ्या मापाचा मागवू. प्रश्न मापाचा नव्हता.

७. सबब विनंती की:
खोलीचा करार करू नये. सही झाली तर खोली दहा वर्षे गेली, आणि दहा वर्षांत आडवे कसे व्हायचे हे ठाऊक असलेली एकही बाई गल्लीत उरणार नाही. अर्जदार तर नाहीच.
मोबाइलचे कुलूप काढावे. किल्ली अजून अर्जदाराच्या कमरेलाच आहे, गंजलेली नाही.
पुरस्कार द्यायचाच असेल, हार विकत आणून झाले असतील, तर मानपत्रावर "समस्या सोडवल्याबद्दल" याच्या आधी "समस्या आणून दिल्याबद्दल" असेही छापावे. पैसे अर्जदार भरेल.
आणि एवढे करूनही साहेबांस सही करावीशी वाटली, तर आधी एकदा बाइंडरच्या घरी येऊन त्याची पाठ पाहावी. बसायला खुर्ची मिळेल. चाकाची.

उत्तराची वाट दारात उभी राहून पाहणारी,
आपली नम्र (वयाने आपल्या आईएवढी असूनही),
अर्जदार

तारीख: आपला शिक्का पडेल ती

सोबत जोडले आहे: टीशर्ट, नग एक, न वापरलेला.

ता. क. अर्ज पाकिटात घालत असताना जावईबापू आले. समाजकल्याणचे साहेब पाहणीला येणार, तेव्हा लाभार्थींबरोबर एक फोटो हवा, म्हणाले. अर्जदार म्हणाली, चला, बाइंडरकडेच काढू. बाइंडरला आम्ही खुर्चीत बसवून खिडकीशी नेले होते, खाट मोकळी होती. अर्जदार म्हणाली, तुम्ही खाटेवर असाल तर फोटो चांगला येईल. ते बूट काढून आडवे झाले, केससुद्धा सारखे केले. अर्जदाराने बाइंडरच्या बायकोला खूण केली. तिने पहिल्याच झटक्यात त्यांना असे वळवले की जावईबापूंच्या तोंडून जे निघाले ते सामाजिक नव्हते. खिडकीशी बाइंडर अर्ध्या तोंडाने हसला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. जावईबापूंनी उठायला हात टेकला, तेव्हा अर्जदार सगळ्यांसमोर जे बोलली ते इथे लिहून ठेवते, म्हणजे सासू पाठीमागून बोलली असे व्हायला नको. अर्ज मागे घेतलेला नाही.

"जावईबापू, पडून राहा. गल्लीला चालता येत होतं. तुम्ही आधी तिचे पाय काढून घेतलेत आणि मग कुबड्या विकायला बसलात. पण बोंब तुम्हाला चांगली मारता येते, तेवढा गुण मी आज बघितला. तेव्हा इथून पुढे खाट ज्या घरी जाईल, त्या घरी शिंपीणकाकूंबरोबर तुम्ही जायचं, आणि आधी तुम्ही आडवं व्हायचं. आता वळा दुसऱ्या कुशीवर, हिचा डावा हात अजून बसलेला नाही."