सलमाआपा आणि गल्लीमागचा ढीग

प्रिय सलमाआपा,

तू गेल्यापासून कितीदा तुला हाक मारायला आपल्या दोन घरांमधल्या भिंतीपाशी जाते आणि परत फिरते. आज मात्र लिहायलाच बसले. दुपारी तांड्यावरची कमला आली होती. ओसरीत बसली आणि पाण्याचा पेला हातात धरून नुसती खोकत राहिली. अगदी तुझ्यासारखी.

गल्लीमागे सगळ्या गावाचा कचरा पेटलेला असायचा, आठवतं? वाळत घातलेल्या कपड्यांना जळक्या प्लॅस्टिकचा वास! तोंडाला ओढणी बांधून तू मशीनवर ब्लाउज शिवायचीस. मी म्हणायची, "अर्ज देला ना, थांबू थोडं." एक दिवस तू कात्री खाली ठेवलीस.

"मालती, घरात बसून खोकून राह्यलो, त्यापेक्षा रस्त्यावर बसून खोकू!"

आणि बसलीसच की कचरागाडीसमोर! मी तुझ्या बाजूला. दारव्ह्याच्या बाजारातून परतणारे ओळखीचे लोक जीपमधून वाकून बघत होते. किती लाज वाटली होती मला! ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. "बाई, मले कायले अडवता?" म्हणाला. तू त्याला चहा आणून दिलास. "तुले नाही रे बाबा, गाडीले अडवून राह्यलो."

मग हळूहळू सगळी गल्लीच येऊन बसली. पंचायतीचे साहेब आले, बोलणी झाली, ढीग उचलला गेला. पण ती मोकळी हवा तुला फार दिवस मिळालीच नाही. छाती आधीच खराब झाली होती, डॉक्टर म्हणाले. इतकी घाई का केलीस गं? जराशी तरी थांबायचीस!

आपा, ढीग गेला तेव्हा आपण पेढे वाटले. तो गेला कुठे, हे कोणीच विचारलं नाही. कमलानं आज सांगितलं. गाड्या आता तांड्याकडे जातात, त्यांच्या विहिरीला लागून रिकाम्या होतात, आणि ढीग तिथंच पेटवतात. "ताई, तुमची गल्ली साफ झाली, आमचं पाणी नासलं," एवढंच म्हणाली. रागावलीसुद्धा नाही गं!

ती गेल्यावर आमचे हे म्हणाले, "आपला तरास मिटला ना? मग तू कायले मधात पडतं?"

मी म्हटलं, "कचरा आपलाच हाय नं."



उद्या सकाळी मी तांड्यावर जाते आहे. गल्लीतल्या दोघी-तिघी येतो म्हणाल्यात. तू नाहीस, तेव्हा ड्रायव्हरशी आणि साहेबांशी मलाच बोलावं लागणार. बोलेन. आणि आपा, या वेळी ते ढीग उचलायला तयार झाले, तरी मी लगेच उठणार नाही. आधी विचारीन, कोणाच्या दारात नेऊन टाकता?

तुझी,
मालती